पाठीमागचं बक्कल

पट्ट्याचं बक्कल पाठीमागे लावा, असं हफीजाच बोलली होती.

तिला कुणी भाग पाडलं नव्हतं. उलट खेर मॅडमनी आधी यासीनलाच विचारलं होतं. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत हरिश्चंद्रचा खिडक्यांच्या जाळ्या आणि गेटं बनवायचा कारखाना. त्याच्या एका कोपऱ्यात हरिश्चंद्र आणि या व्यायामोपचार करणाऱ्या खेर मॅडम मिळून खुर्च्या घडवत होते. बाजारातली चाकांची खुर्ची दवाखान्याच्या फरशीवर गुणाची, पण रत्नागिरीच्या जांभ्याच्या वाटेवर आली की तिची पुढची चाकं रुसून बसत. म्हणून ही ठेंगणी, रुंद चाकांची, इथल्या वाटांना ओळखणारी. आणि त्या दोघांचा एक नेम होता. बसणारा आणि बसवणारा, दोघांना विचारल्याशिवाय एकही नळी कापायची नाही.

बसणारा यासीन. हफीजाचा धाकटा भाऊ, तिशीला टेकलेला. जन्मापासून त्याचे हातपाय त्याचं ऐकत नसत, जीभ तर त्याहून हट्टी. ओहोटीला गाळात रुतलेली होडी ओढून काढावी तसा त्याचा एकेक शब्द बाहेर यायचा. पण डोकं लख्ख. बक्कल कुठे हवं, असं मॅडमनी विचारलं तेव्हा त्यानं आपला वाकडा हात कसाबसा पोटापाशी आणला आणि तोंड उघडलं. शब्द वाटेतच होता, तेवढ्यात हफीजा बोलून मोकळी झाली.

"पाठीमागं लावा मॅडम. पुढं असलं तर हा सोडेल. सारखा पडतो हा. माझं कामावर चित्त लागत नाय."

हरिश्चंद्रनं मान हलवून जमिनीवरच्या खडूच्या आकृतीत मागच्या बाजूला खूण केली. यासीननं तोंड मिटून घेतलं.

यासीन कधी पडला नव्हता.

राजिवड्याला खाडीच्या अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं घर. हफीजा सकाळी कोळंबी सोलायच्या कंपनीत जायची, आणि ती गल्लीच्या वळणाआड झाली की यासीन उंबरा ओलांडायचा. हातांनी रेटत, बसल्याबसल्या सरकत, थेट धक्क्यापर्यंत. तिथं जाळी विणणारी माणसं त्याला तांडेल म्हणायची, जसा काही तोच बोटीचा कप्तान. "काय तांडेल, आज बोट सोडायची का सुट्टी?" असं कुणी विचारलं की तो आभाळाकडे बघून खूप विचार केल्याचं सोंग करायचा आणि नकाराची मान हलवायचा. मग सगळा धक्का हसायचा, आणि त्यात त्याचं हसू सगळ्यांच्या वर.

हफीजाला ते हसू ऐकायला मिळत नसे. तिला मिळायचा तो चिखल. बर्फातल्या कोळंबीनं बोटं पांढरी पडलेली, कातडी फाटलेली, आणि घरी येऊन बघावं तर भाऊ कमरेपर्यंत खाडीच्या काळ्या गाळानं माखलेला, केसांत माशांची खवलं. त्याला चोळून चोळून धुवायचं, त्याच्याशी भांडायचं, आणि धुताधुता स्वतःशी रडायचं. तेही तिनं सोसलं असतं. पण एकदा नळावरच्या बायांतली एक बोलली, गो हफीजा, तुझा भाऊ धक्क्यावर कुत्र्यांच्या पंगतीला बसलाय. ते तिच्या काळजात घुसलं ते निघेना. कुवेतला असलेल्या थोरल्या भावानं, नझीरनं, बूथवरच्या फोनवर तेच सुनावलं होतं. त्याला घरात ठेव म्हणाला, लोक मला इथं येऊन सांगतात.

आणि मग खुर्ची आली. निळ्या रंगाची, काथ्याच्या विणीची, देखणी. हफीजानं यासीनला तीत बसवलं, पट्टा ओढला, पाठीमागं बक्कल लावलं, त्याला खिडकीपाशी नेलं आणि कामावर गेली. संध्याकाळी परतली तर यासीन होता तिथंच होता. सकाळी घातलेला सदरा तसाच पांढरा, भांग तसाच.

त्या स्वच्छ सदऱ्याचं सुख तिला काही दिवस पुरलं. तिनं शेजारणींना बोलावून खुर्ची दाखवली. त्यांनी भावाच्या गालावरून हात फिरवले, कसा नवऱ्यामुलासारखा दिसतो म्हणाल्या. यासीननं कुणाकडे पाहिलं नाही.

नंतर तो बोलेनासा झाला. आधी ती चहा विचारायची तर 'दे आपा' एवढं तरी तो ओढून आणायचा. आता नुसते डोळे फिरवायचा. तिनं मनाला समजावलं, हवा बदलली की हा असाच होतो. मग एकदा कपडे धुताना तिच्या लक्षात आलं, की सगळ्या सदऱ्यांचं कापड एकाच जागी विरलंय. पोटापाशी, पट्ट्याच्या कडेला. बोटानं कुरतडल्यासारखं. आणि यासीनच्या मनगटाची आतली बाजू पट्ट्याला घासून घासून लाल झालेली.

दिवसभर तो हात काय शोधत असेल, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं मनगटाला खोबरेल लावलं, फुंकर घातली, आईनं घातली असती तशी. विरलेल्या जागी ठिगळं लावली. सकाळी पुन्हा बक्कल पाठीमागं लावलं, आणि लावताना त्याच्यापुढे येऊन उभी राहिली नाही. रोज ती स्वतःला म्हणायची, उद्या मॅडमना सांगेन. रोज कंपनीची शिट्टी व्हायची आणि तो उद्या बर्फाखाली जायचा.

पावसाळा सरल्यावर मॅडमनी निरोप धाडला. आता अशाच आणखी खुर्च्या बनवायच्या आहेत, त्याआधी पुढची खुर्ची जिथं जायची त्या घराबरोबर बसू, तुमचा अनुभव त्यांना सांगा. हफीजानं ठेवणीतली ओढणी घेतली, यासीनच्या केसांना तेल लावलं आणि त्याला घेऊन रिक्षानं मिरजोळं गाठलं.

तिथं आधीच एक शेतकरी बाई येऊन बसली होती. सोनूबाई तिचं नाव, आतल्या गावची. तिची मुलगी मैना वयात आलेली, कमरेखाली अधू, पण हात चपळ आणि डोळे त्याहून चपळ. आल्या आल्या तिनं हरिश्चंद्रची हातोडी उचलून तिचं वजन बघितलं होतं. मॅडमनी हफीजाचं तोंड भरून कौतुक केलं. म्हणाल्या, या ताईंनी सांगितलं म्हणून आम्हाला बक्कलाची जागा कळली, नाहीतर आमची चूकच झाली असती. हरिश्चंद्रनं नव्या खुर्चीत मैनाला बसवलं आणि त्याच मापानं, त्याच जागी, पट्टा आवळला.

मैना आधी हसत होती. मग तिचे हात पोटापाशी गेले. तिथं काही नव्हतं. डाव्या कुशीला गेले, उजव्या कुशीला गेले, पाठीशी पोचता पोचता थांबले. अंधारात पडलेली वस्तू चाचपावी तशी ती बोटं पुन्हा एकदा सगळीकडून फिरली, आणि मग मांडीवर येऊन पडून राहिली. मैनाचं हसू कधी गेलं ते कुणाला दिसलं नाही. हफीजाला दिसलं. तिनं यासीनकडे पाहिलं. तो मैनाकडे बघत नव्हता, तो हफीजाकडेच बघत होता.

"पाठीमागंच बरा ना गो बाय?" सोनूबाईनं हफीजाला विचारलं. "मी शेतावर असताना ही पडली-बिडली तर करू काय?"

एक हो म्हणायचा अवकाश होता. हो म्हटलं की सगळ्या खुर्च्या तशाच होणार, सगळे सदरे स्वच्छ राहणार, आणि तिचं उद्याचं काम बुडणार नाही. हफीजाच्या जिभेवर तो हो आलाही.

"आमचा कधी पडला नाय," ती म्हणाली.

मॅडमना वाटलं, पट्ट्यामुळे पडला नाही असं ती सांगतेय. त्यांनी मान डोलावली. हफीजानं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"पट्ट्याच्या आधी पण नाय पडला. मी खोटं बोलले. तुम्ही विचारलंत तेव्हा यानं पोटाशी हात नेला होता मॅडम, मी त्याला बोलू दिला नाय. मला तो घरी आल्यावर साफ हवा होता. दुसरं काय नाय."

हरिश्चंद्रनं मैनाच्या पाठीमागं जाऊन पट्टा सोडला. सोनूबाई पुटपुटली, मग आम्ही कामाला जायचं तरी कसं? मॅडम उठून यासीनच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसल्या.

"आता तुम्ही सांगा यासीनभाई. आम्हाला घाई नाही."

यासीनचा जबडा हलायला लागला. मानेच्या शिरा ताठल्या. त्याला काय म्हणायचंय ते हफीजाला त्याच्या आधी ठाऊक होतं. त्याचा अर्धा शब्द ती लहानपणापासून पुरा करत आली होती. तिनं ओढणी तोंडावर दाबून धरली.

"बक्कल... पुढं," यासीन म्हणाला.

मॅडमनी मान हलवली. पण त्याचं संपलं नव्हतं. त्यानं पुन्हा दम गोळा केला.

"आणि हिला... भायर... बसवा."

हरिश्चंद्रला हसू फुटलं आणि अर्ध्यात विरलं, कारण यासीन हसत नव्हता. ही पुढची ओळ मात्र हफीजाला ठाऊक नव्हती. ती उठली, चपला पायात घातल्या आणि बाहेर येऊन जांभ्याच्या चिऱ्यांच्या ढिगावर बसली.

आतून आवाज येत होते. मॅडम काहीतरी विचारायच्या, मग लांबलचक शांतता, मग यासीनचा घोगरा सूर. इतक्या अंतरावरूनही ती त्यातला शब्द अन् शब्द लावू शकली असती. थोड्या वेळानं सोनूबाई पदर सावरत बाहेर आली आणि तिच्या शेजारी टेकली.

"मला पण काढलान," ती म्हणाली. "माझीच पोरगी. म्हणते, आये, तू जा बघू."

हफीजानं तिला जागा करून दिली.

"तुझा तो काय बोलतो ते तरी कळतं का गो तुला इथनं?"

"कळतं," हफीजा म्हणाली.

तेवढ्यात आत हरिश्चंद्र मोठ्यानं हसला, मैना हसली, आणि त्या सगळ्यांच्या वर चढून यासीन हसला. धक्क्यावर हसायचा तो हा असाच असणार. हफीजानं डोळे पुसले नाहीत. ती उठली, सोनूबाईचा हात धरून तिला उठवलं, आणि रस्त्यापलीकडच्या काजूच्या झाडाखाली घेऊन गेली, जिथं आतलं ऐकू येत नव्हतं.