टॅबची सवय

माझ्या दिराला छापखान्यात मीच चिकटवला. सासूबाई रोज कानीकपाळी ओरडायच्या, घरात लोळतोय, तुझ्या ऑफिसात लाव की कुठेतरी. लावला. आणि त्याच पठ्ठ्यानं माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या.

पुस्तकाची पानं छपाईला जाण्याआधी मोठ्या कागदाच्या घडीप्रमाणे जुळवावी लागतात. संगणकावर ते काम करणाऱ्या सगळ्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, माझ्या. प्रत्येकीच्या नावापुढे ढीगभर पर्याय टाइप करावे लागतात, कागदाचा आकार, घडी, मशीन. दिराच्या डोक्यात काही शिरेना, म्हणून मी कीबोर्डवरच्या टॅब बटणाची सोय केली. स्क्रिप्टचं नाव टाकायचं, टॅब दाबायचं, की पुढचे पर्याय समोर हजर. गडी खूश, विभागातले बाकीचेही. त्या बटणावरची अक्षरं पुसली गेली, पण त्यानं एकही पर्याय पाठ केला नाही.

मग विभागप्रमुखाची जागा निघाली. ती मला मिळणार हे सगळे धरून चालले होते. हा गुपचूप छापखान्याच्या मालकीणबाईंना सांगून आला की स्क्रिप्ट त्याच्या आहेत, वहिनी नुसती चालवते. बाइंडरनं मला सांगितलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणाला, जाऊ दे, लहान आहे. लहान म्हणे! दाढी पिकायला लागलीय त्याची.

मी भांडले नाही. डूख धरून बसले.

मालकीणबाईंनी त्याला सगळ्यांसमोर एक पुस्तक जुळवून दाखवायला सांगितलं. त्या सकाळी मी टॅबची सोय असलेल्या फाइलीत एका ओळीच्या सुरुवातीला हॅशचं (#) चिन्ह टाकलं. ओळ मुकी झाली, संगणक ती वाचेना. स्क्रिप्टना बोटही लावलं नाही, त्या ठणठणीत होत्या.

तो ऐटीत बसला. नाव टाकलं, टॅब दाबलं. पर्यायांऐवजी फोल्डरमधल्या मुखपृष्ठांच्या फाइली दिसायला लागल्या. पुन्हा दाबलं, पुन्हा त्याच. शेवटी नुसतंच एंटर मारलं, तर स्क्रिप्टनं विचारलं, घडी कोणती? पर्यायांची यादी दाखवायची सोय मी तिच्यात केलीच नव्हती, मला कधी लागली नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मालकीणबाई चष्म्यावरून बघत होत्या.

माझ्याकडे झुकून तो हळूच म्हणाला, "वहिनी, पुढे काय टाकायचं?"

"आधी स्क्रिप्ट कोणी लिहिली ते बाईंना सांग. मग सांगते."

तो मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," मालकीणबाई म्हणाल्या.

"वहिनीनं लिहिली."

मग मी एकेक पर्याय सांगत गेले आणि तो शाळेतल्या पोरासारखा टाइप करत गेला. पुस्तक जुळलं. जागा मला मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी टॅब पुन्हा सुरू केलं, सगळ्यांसाठी. फाइलीत फक्त एक अट वाढवली: लॉगिन केलेला माणूस माझा दीर असेल तर काही दाखवू नकोस. त्याला वाटतं त्याचा कीबोर्ड बिघडलाय. दोनदा बदलून झाला. मला सांगतो, मी म्हणते, बघते हं.

सासूबाई म्हणतात, झालं गेलं विसर आता, त्यानं कबूल केलं ना. केलं, पण अडला म्हणून केलं. त्याच्या टेबलावरून जाताना तो पर्याय घोकत, चुकत, खोडत बसलेला दिसतो आणि माझा दिवस छान जातो. ती अट मी काढणार नाही.