लाल नकाशा आणि मकरूतच्या पराती

वसीलाच्या विद्यापीठात पीएच.डी.च्या व्हायवात कधी कुणी नापास होत नाही, आणि त्याचं कारण संशोधनात शोधायला जाऊ नये. कारण मागच्या टेबलावर असतं. उमेदवाराच्या घरचे लोक सकाळीच येऊन पराती मांडून जातात. रवा-खजुराचं मकरूत, बकलावा, बदामाच्या वड्या, लिंबाचं सरबत, सगळं पांढऱ्या कापडाखाली झाकलेलं. मागे एवढा फराळ वाट बघत असताना पुढे बसून 'नापास' म्हणेल असा परीक्षक अल्जीरियात अजून जन्मायचा आहे.

वसीलाची आई झुलेखा गेले तीन दिवस रवा भाजत होती. बातनाहून दोन मावश्या मुक्कामाला आल्या होत्या. मकरूतमध्ये भरायचा खजूर आला होता तो बशीरमामाच्या बागेतला, दक्षिणेतल्या ऐन तर्फा गावचा. मामा स्वतः बसने त्याचं पोतं घेऊन आला. आल्यावर एवढंच म्हणाला, "हा शेवटचाच म्हणायचा. पुढच्या वर्षी बाजारातून आणा."

कारण बशीरमामाची बाग तोडायची ठरली होती, आणि ती तोडायला सांगणारं संशोधन वसीलाचं होतं.

विषय होता खजुराच्या बागेतली बुरशी. ही बुरशी मातीतून झाडात चढते, झावळ्या पांढऱ्या पडतात, आणि मग ते झाड तोडून जाळण्यापलीकडे काही हातात उरत नाही. ओल्या जमिनीत ती झपाट्याने पसरते. म्हणून लामीन सरांनी, म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांनी, बागांमध्ये ओल मोजणारे सेन्सर पुरले. ओरानच्या बेलार्बी बाईंनी बुरशीचा अभ्यास केला. वसीलाने झेरूकी सरांच्या हाताखाली या सगळ्याचं गणित मांडून नकाशा काढला. लाल बाग म्हणजे धोका, आजच तोडा. हिरवी म्हणजे निर्धास्त राहा. याला बहुशाखीय संशोधन म्हणतात. बहुशाखीय म्हणजे, ज्यात न समजलेला भाग दुसऱ्या शाखेचा असणार असं प्रत्येकाला वाटतं. त्याच कामाचे तीन पेपर तीन नियतकालिकांत छापून आले होते, एक गणिताच्या, एक इंजिनिअरिंगच्या, एक जीवशास्त्राच्या. तिन्हीकडच्या तज्ज्ञांनी आपापला तृतीयांश वाचून बाकीच्याचं कौतुक केलं होतं. मॉडेलची जुळणी सत्त्याण्णव टक्के होती. ज्या आकड्यांवरून ते बनवलं त्याच आकड्यांवर तपासलं, मग जुळेल नाही तर काय करेल.

बशीरमामाची बाग नकाशात लालभडक होती. सत्तर झाडं, आजोबांनी लावलेली. वसीलाने भीतभीत फोन केला तेव्हा मामा म्हणाला, "पोरी, तू एवढी शिकलीस ती काय उगाच? विज्ञान तोड म्हणतंय तर तोडू." त्या रात्री ती जेवली नव्हती. पण शास्त्रज्ञाने नातीगोती मध्ये आणू नयेत असं तिने वाचलं होतं, आणि ते तिला पटलंही होतं.

आता व्हायवाच्या सकाळी ती स्वयंपाकघरात उभी होती. हातात मेखेसारखा एक सेन्सर होता. लामीन सरांनी तो आदल्या दिवशी दिला होता, परीक्षकांना दाखवायला. चार वर्षं त्याचे आकडे तिला ईमेलने येत होते. नवरा न बघता लग्न लागावं तसा तिचा आणि या सेन्सरचा संसार, आणि मुखदर्शन झालं ते काल. बिघडलेला निघू नये म्हणून तिने तो कोरड्या रव्याच्या डब्यात खुपसला. आकडा आला आठशे वीस. मग पाण्याच्या पेल्यात बुडवला. आकडा घसरून तीनशेवर आला.

तिला वाटलं सेल संपले असतील. सेल बदलले. पुन्हा रवा, पुन्हा पाणी. मळलेल्या पिठात खुपसला तर मधलाच कुठलातरी आकडा.

ओलं असलं की आकडा खाली जात होता. कोरडं असलं की वर. आणि तिने चार वर्षं मोठा आकडा म्हणजे जास्त ओल असं धरून गणित केलं होतं. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. नाही असंही कुणी सांगितलं नव्हतं. लामीन सरांना वाटलं, एवढं तर कुणालाही ठाऊक असतं. नकाशातलं सगळं लाल ते कोरडं होतं आणि हिरवं ते ओलंचिंब. बशीरमामा पाण्याच्या बाबतीत चिक्कू, हे अख्ख्या खानदानाला माहीत. पाहुण्यालासुद्धा तो पेला अर्धाच भरून देतो. त्याची बाग ओली कशी असेल, हा प्रश्न मावशीच्या धाकट्या पोराला पडला असता. पण मॉडेल करताना खानदानाला विचारायची पद्धत नाही. ऐन तर्फाला तर ती चार वर्षांत एकदाच गेली होती, तीही लग्नाला.

"आई, नकाशा उलटा झालाय."

"मग सुलटा धर," झुलेखा परातीवर कापड ताणत म्हणाली. "आणि तो खिळा माझ्या पिठातून आधी काढ."

विद्यापीठाच्या कॉरिडॉरमध्ये तिने झेरूकी सरांना गाठलं. सरांनी नवा टाय लावला होता. या व्हायवाबरोबर त्यांचं प्रमोशन पक्कं होतं, आणि वसीलाची कायमची नोकरीही; पुढच्या महिन्यात मुलाखत होती, डॉक्टरेट झालेल्यांसाठीच. तिने धापा टाकत सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं.

"यात गणित कुठे चुकलंय का?"

"गणित नाही, सर. आकडेच उलटे..."

"मग माझं घोडं कुठे अडलं? उलट्या आकड्यांना सुलटं गणित लावलंय. आपलं काम आपण चोख केलं."

"सर, सत्तर झाडं आहेत. नुसती मामांची. बाकीच्यांची वेगळी."

"हे बघ पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी डॉक्टर हो. मग पुढच्या वर्षी चूक दुरुस्तीचा पेपर लिहू. म्हणजे एका कामाचे तिनाऐवजी चार पेपर होतील." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून ते आत गेले. माणूस वाईट नव्हता. पण प्रमोशनच्या दिवशी चांगुलपणा जरा घरी ठेवून आला होता.

शेतकी खात्याचे सी मोकदाद, म्हणजे मोकदादसाहेब, पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर नकाशाची गुंडाळी. वसीलाने त्यांना विनवलं की हा नकाशा तेवढा मागे घ्या.

"बाई, मी कसा मागे घेणार?" ते म्हणाले. "विद्यापीठाने आज पास केलं की नकाशा बरोबर, आणि रविवारी करवती निघतील. नापास केलं तर नकाशा चूक. मी खात्यातला माणूस. मला झाडातलं काय कळतंय?"

म्हणजे हिशेब सरळ होता. ती आज पास झाली तर बाग जाणार. आणि मागे टेबलावर सहा पराती मांडलेल्या होत्या.

व्हायवा सुरू झाला. अध्यक्षस्थानी बेलार्बी बाई, शेजारी लामीन सर, पलीकडे झेरूकी सर. मागे मावश्या, शेजारणी, आणि कोपऱ्यात पांढरा अंगरखा घातलेला बशीरमामा, ताठ बसलेला. वसीलाने ठरल्याप्रमाणे वीस मिनिटं बोलून घेतलं. शेवटचा नकाशा पडद्यावर आला तेव्हा ती थांबली. पुढे होऊन तिने बेलार्बी बाईंचा पाण्याचा पेला ओढला आणि त्यात लॅपटॉपला जोडलेला सेन्सर बुडवला. पडद्यावर आकडा धाडकन खाली आला.

"पाण्यात आकडा कमी होतो," ती म्हणाली. "मी उलट धरलं होतं. हा सगळा नकाशा उलटा आहे. ही लाल बाग बशीरमामांची. ती रविवारी तोडणार आहेत. तिला काहीही झालेलं नाही. मला पास करू नका."

सभागृहात कुणी खोकलं नाही. एवढी शांतता म्हणजे निकाल लागला असं समजून धाकट्या मावशीने जीभ हलवून आनंदाचं लांबलचक युयू ठोकलं. थोरलीने तिचं तोंड दाबलं.

झेरूकी सर आधी सावरले. "उपकरणाचा प्रश्न आहे. तो माझ्या शाखेबाहेरचा."

"उपकरण उत्तम आहे," लामीन सर म्हणाले. "बरोबर आकडा देतंय, आत्ता सगळ्यांनी बघितलं. आकड्याचा अर्थ काय लावायचा, तो जीवशास्त्राचा भाग."

बेलार्बी बाईंनी चष्मा काढला. "मी बुरशीवाली. आकड्यांना मी आयुष्यात कधी उलट उत्तर दिलेलं नाही." मग त्यांनी मागच्या टेबलाकडे एकदा पाहिलं. त्या पहाटे ओरानहून निघाल्या होत्या. "आम्ही विचारविनिमय करून येतो."

तिघं आत गेले आणि अगदी लगेच परत आले. बाईंनी उभ्याने वाचून दाखवलं: उमेदवाराने स्वतःच्या निष्कर्षांकडे चिकित्सक नजरेने पाहण्याची दुर्मिळ वृत्ती दाखवली, मॉडेल दोन्ही दिशांनी वाचता येतं हे सिद्ध केलं, सबब सर्वोच्च श्रेणी, परीक्षकांच्या खास अभिनंदनासह.

आता मात्र दोघी मावश्यांनी मिळून युयू ठोकलं, शेजारणींनी साथ दिली, टाळ्या पडल्या. वसीला "मला नको, मला नको" म्हणत होती ते पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू आलं नाही. सी मोकदादांनी गुंडाळी काखोटीला मारली. वसीलाला रडू फुटलं. लोकांना वाटलं आनंदाचं आहे, आणि टाळ्या आणखी वाढल्या.

मागे झुलेखा भावाकडे वळली. तिला गणित कळलं नव्हतं. तिघा परीक्षकांनाही कुठे कळलं होतं. पण पोरगी काय म्हणाली ते तिने नीट ऐकलं होतं. "बशीर, तुझ्या बागेला काही झालेलं नाही म्हणतेय ती."

"ऐकलं मी," मामा म्हणाला. तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. "जाऊ दे, झुलेखा. पोरीचं नाव होतंय. झाडं काय, पुन्हा लावता येतील."

"सत्तर वर्षांचा तू. कधी लावणार?"

झुलेखा उठली. टेबलाजवळ गेली, शेजारणींनी उघडलेल्या परातींतली पहिली पुन्हा झाकली, कापडाची टोकं खाली घट्ट खोचली. मग दुसरी. मग तिसरी. टाळ्या हळूहळू थांबल्या. युयू अर्ध्यात विरलं. या विद्यापीठात झाकलेल्या पराती उघडताना सगळ्यांनी पाहिल्या होत्या, उघडलेल्या झाकताना कुणीच नाही.

बेलार्बी बाई मंचावरून खाली आल्या. "बाई, हे काय चाललंय?"

"उस्तादा," प्राध्यापिकेला म्हणतात तसं झुलेखा म्हणाली, "नापास पोरीचा कसला फराळ वाटायचा?"

"पण ती पास झालीय. अभिनंदनासह."

"तुमच्या लेखी झाली असेल. माझी पोरगी भर सभेत म्हणतेय, माझं चुकलं. मी तिला खोटी पाडून मकरूत वाटू? माझ्या घरात ती रीत नाही." आणि तिने चौथी परात झाकली.

"आई, राहू दे," वसीला म्हणाली. पण तिला आतून पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

आता खरी अडचण झाली. निकालपत्रावर सह्या करायच्या त्या कॉफी पिताना, तोंडात मकरूत असताना, अशी तिथली वहिवाट. आजवर एकही सही रिकाम्या तोंडाने झालेली नव्हती. फराळ नाही तर पुढे काय करायचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. झेरूकी सरांनी कोरं निकालपत्र आणि झाकलेल्या पराती आळीपाळीने पाहिल्या.

"नियमात पुढे ढकलायची सोय आहे," लामीन सर हळूच म्हणाले. "कधी वापरली नाही एवढंच."

"सहा महिने," बेलार्बी बाई म्हणाल्या. "आकडे सुलटे करून आण." त्यांनी तिथेच, उभ्याउभ्या, रिकाम्या तोंडाने सही केली. लामीन सरांनी केली. झेरूकी सरांनी सुस्कारा सोडला, टाय सैल केला आणि शेवटची सही केली.

सी मोकदादांनी विचारलं, "म्हणजे नकाशा चूक?"

"चूक," वसीला म्हणाली.

"मग रविवारी करवती नाहीत," ते म्हणाले आणि गुंडाळी खुर्चीवर ठेवून मोकळे झाले.

मुलाखत गेली होती. कायमची नोकरी गेली होती. डॉक्टर म्हणून हाक मारायला आलेल्या मावश्या आता 'बिचारी' म्हणत होत्या. वसीला कोपऱ्यात जाऊन मामाजवळ बसली. मामाने तिच्यासाठी सरबत ओतलं. पेला अर्धाच भरला होता.

परीक्षक अजून टेबलाजवळच रेंगाळत होते. न्याय तर झाला होता, आता कापडं उघडतील अशी त्यांची रास्त समजूत होती. झुलेखाने एक परात उचलून डोक्यावर घेतली, दुसरी थोरलीकडे दिली आणि दाराकडे निघाली. बेलार्बी बाईंसमोर ती थांबली.

"सहा महिन्यांनी या, उस्तादा," ती म्हणाली. "तेव्हाही खजूर बशीरच्या बागेतलाच असेल."