बाबानं मोडलेल्या नांग्या

"सर, नांगीतून दुसरी नांगी फुटलेला खेकडा तुम्ही कधी पाह्यलाय का?"

सुकेशनीनं उभं राहून विचारलं आणि अख्खी नववी फिस्सकन हसली. दिपाली आन् संस्कृतीनं पैज लावली होती, सरांना इचारून दाखव म्हणून. गेल्या वर्षी हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज फुटत नव्हता, ती सुकेशनी आता कुणाच्या बापाला ऐकत नव्हती. तिनं डब्याचं झाकण काढून डबा थेट टेबलावर ठेवला. आत जिता खेकडा. उजव्या नांगीच्या मधोमध इवलीशी वाकडी नांगी, अन् एका अंगाला पाय तीनच.

हसू थांबलं. शिवशंकर सरांनी चष्मा वर सारला.

"मोडलेली नांगी पुन्हा येताना कधी अशी येते. पाण्यात काही असलं तरी येत असेल. तपासल्याशिवाय कसं सांगू?"

"मग तपासा की, सर!"

"कशानं, बाई? आपल्याकडं साधा लिटमस कागद शिल्लक नाही. संभाजीनगरला पाठवावं लागेल. कुणाकडं, ते मलाही ठाऊक नाही."

पैजेचा पेरू संस्कृतीनं हातावर ठेवला, पण सुकेशनीला तो खावासा वाटेना.

तिचा बाप कचरू पिशोरच्या शिवारात अद्रकावर रोजानं औषधाचा फवारा मारी आणि सांजच्याला नदीत खेकडे धरी. धरला की आधी नांग्या मोडून पाण्यात फेकायच्या, मग खेकडा घमेल्यात, बोटं वाचतात. त्यामुळं घरी येई तो बिननांगीचाच खेकडा. थोरली रत्नमाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा लागलेला. तिला रोज वाटीभर रस्सा ठरलेला. डब्यातला खेकडा तेवढा सुकेशनीनं स्वतः धरला होता.

"बाबा, आज मोडू नका. हायेत तसे आणा."

दिवेलागणीला कचरूनं घमेलं अंगणात पालथं केलं. एकोणीस खेकडे खरडत पांगले. सुकेशनीनं एकेक उलटून पाह्यला. सात वाकडे. एकाला तर नांगीच्या जागी नुसता गोळा.

"तुमाला कधी दिसलंच नाय?"

"दिसत व्हतं."

"कवापासून?"

"दोन पावसाळे झाले." कचरूनं बिडी शोधायला खिसे चाचपले. "म्हणून तर तिथंच मोडून फेकत व्हतो. मांस चांगलं व्हतं, पोरी."

"अन् ताईला खाऊ घातलं?"

"मंग काय बदाम घालू का?" आई मनकर्णाबाई चुलीपासून कडाडली. "लई शानी झाली साळंत जाऊन!"

"फवाऱ्याचे पंप कुठं धुता, बाबा?"

"नदीत. मालक हिरीवर धुऊ देत नाय."

"उद्यापासून नका धुऊ."

"म्या नाय धुतला तर बाकीचे अकरा गडी धुतील. अन् परवा माह्या जागी नवा येईल." तो खाली बघत हसला, पण ते हसू धड नव्हतं. "आपल्या हिरीला पाणी तरी कुठलं हाय? त्या नदीचंच पाझरतं ना?"

दारात बसलेल्या रत्नमालानं हातातला पाण्याचा तांब्या हळूच खाली ठेवला. पोटावर पदर ओढला.

"माय, मला लाथा कमी जाणवायल्यात दोन दिस झाले," ती म्हणाली. "तसं कायी नसंल. पण मला परत धाडता का?"

"गप! पहिलं बाळंतपण माह्याच दारात व्हईल. सातव्यात लेक परत धाडली तर सासरचे तोंडात शेण घालतील आमच्या."

कचरू पांगलेले खेकडे गोळा करायला लागला. एकाच्या नांगीवर अंगठा गेला, सवयीनं. मग त्यानं हात काढून घेतला.

सुकेशनी आई-बाबांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"घालू द्या शेण. उद्या पहिल्या गाडीनं मी ताईला आधी कन्नडच्या दवाखान्यात दावते, अन् तिथून पाचोडला तिच्या सासरी नेऊन सोडते. तिच्या सासूला काय सांगायचं, ते मी सांगते."