तीन मजल्यांचं नेटवर्क

कवळ्या करण्याचं दुकान तीन मुलांत वाटून वडिलांनी डोळे मिटले, तेव्हा आपण भांडणाचं मूळच उपटलं असं त्यांना वाटलं असेल. बिचारे. पहिला मजला दादाला, दुसरा मधलीला, तिसरा धाकटीला. प्रत्येकाची भट्टी वेगळी, टेबल वेगळं. वाटता येईना ती एकच गोष्ट : गिऱ्हाइकांच्या जबड्यांची संगणकातली मापं. ती कोणाकडे ठेवायची यावर तिघांनी आठ महिने घातले.

शेवटी नेटवर्कवाल्याने तोडगा काढला. सगळ्यांवर एक मोठा संगणक नकोच. प्रत्येकाच्या टेबलाखाली एकेक काळी पेटी ठेवायची. तो तिला नोड म्हणायचा. प्रत्येक मापाचे तीन तुकडे, प्रत्येक पेटीत एक. पेट्या एकमेकींशी बोलल्या तरच माप पुरं दिसणार. मालक कोणीच नाही. तिघांना हे फारच आवडलं, विशेषतः उरलेल्या दोघांना मालकी मिळाली नाही हा भाग. तेव्हापासून दोन वर्षं पेट्या दिवसभर बोलत होत्या आणि माणसांवर ती वेळ येत नव्हती. पंधरा-पंधरा पायऱ्यांच्या दोन जिन्यांसाठी एवढं तंत्रज्ञान खर्ची घालणारं दुसरं घराणं शोधून सापडलं नसतं.

आज पेट्यांवर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवायची होती. दादाचा मेसेज आला, ‘सगळ्यांनी बरोबर अकरा वाजता.’ एखाद्याला पाच मिनिटं आधी मिळाली तर तो शिरजोर व्हायचा! अकराच्या ठोक्याला तिन्ही पेट्या बंद झाल्या, आणि पुन्हा चालू व्हायचं नाव घेईनात.

मधलीने आधी घड्याळ पाहिलं, कारण तिने बाईंना शब्द दिला होता. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वय सत्तर, उद्या सकाळी दहाला स्वतःचं लग्न. परवा न्हाणीघरात कवळी पडून तिचे दोन तुकडे झाले होते. हिरड्या सोलवटलेल्या, म्हणून डॉक्टरांनी नवं माप घ्यायला मनाई केलेली. जुनं माप हाच एक आधार, आणि ते दोनच्या आत हातात आलं तरच कवळी रात्रीपर्यंत तयार होणार होती.

“चाळीस वर्षं मुलांना तोंड मिटून बसा म्हणून सांगितलं,” बाई म्हणाल्या होत्या. “लग्नाच्या फोटोत मी तशी उभी राहणार नाही.”

मधलीने वायर काढून लावली. पेटी तीनदा बंद करून चालू केली. मागच्या वेळी अडकून राहिलेली, पेटीला कुलूप घालणारी फाईल पुसली. पडद्यावर तीच ओळ : ‘सोबत्याची वाट पाहत आहे.’ साडेबारा वाजता तिने नेटवर्कवाल्याला फोन लावला.

“ताई, तुम्हीच अट घातली होती ना,” तो म्हणाला, “की कोणाचीही पेटी एकटी सुरू होता कामा नये? दुसरी चालू दिसल्याशिवाय ती उठतच नाही.”

“मग दुसरी का उठत नाही?”

“ती तुमची वाट बघतेय.”

“आणि तिसरी?”

“तीसुद्धा. तिन्ही एकदम बंद करा असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

मधलीने दादाचं नाव घेतलं नाही. घराण्याची अब्रू होती, जेवढी उरली होती तेवढी.

“एका पेटीला पहिली म्हणून सांगा,” तो म्हणाला. “एकच ओळ बदलायची आहे.”

“मग ती बाकीच्यांपेक्षा मोठी होणार का?”

“ताई, पेटी आहे ती.”

मधलीने ओळ बदलली. आपण पहिल्या झालो याचा आनंद तिला झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पेटी झटक्यात सुरू झाली आणि पडद्यावर बाईंच्या जबड्याचा एक तृतीयांश दिसला. डावीकडची हिरडी, पुढे पोकळी. तिने पुन्हा फोन लावला. त्याने तिकडून तपासलं.

“आज तुमच्या घरून मला तीन फोन आले,” तो म्हणाला. “तिन्ही पेट्या आता पहिल्या आहेत. तुमच्याकडे तीन नेटवर्क झालीत, प्रत्येकात एक पेटी. दोघांनी माघार घ्या. कोणी घ्यायची ते तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये घेऊ नका.”

सव्वा वाजला होता. मधली जिना उतरली. उतरताना तिने भाषण जुळवलं : अकराचा हुकूम कोणाचा, खोळंबा कोणामुळे, तेव्हा माघार कोणी घ्यायची. चांगलं धारदार भाषण होतं.

दार उघडंच होतं. दादा टेबलाशी बसला होता. तिला बघून तो चकित झाला, पण उठला नाही.

“दादा, तुझी पेटी पहिली नको. ती ओळ काढ.”

“काढतो,” तो म्हणाला. एवढ्या सहज, की भाषण जागच्या जागी वाया गेलं. त्याने उजवा हात कीबोर्डवर नेला. हात थरथरत होता. बोट शेजारच्या कळीवर पडलं. त्याने पुसलं, पुन्हा चुकलं. मग डाव्या हाताने मनगट दाबून धरलं, तरी थांबेना.

“तूच कर,” तो म्हणाला. “मघाशी धाकटीने करून दिलं होतं. माझी पेटी तिनेच पहिली केली आणि वर जाऊन स्वतःचीही. कोणी मोठं नको, भांडण नको म्हणे.”

“हे कधीपासून?”

“दीड वर्ष.”

“मग कवळ्या कोण करतं?”

“धाकटी. रोज दुपारी उतरते.”

रोज दुपारी, म्हणजे मधलीच्या दारावरूनच. ती पावलं वाजली की मधली दर वेळी दार लोटून घेत आली होती.

“मला कोणी का नाही सांगितलं?”

“तू पेटीतून फक्त माप मागायचीस. ते मिळत होतं.”

उलट उत्तर द्यायला मधली कधी चुकली नव्हती. आज तिने दादाचा कीबोर्ड हलकेच बाजूला सरकवला. डोळे भरून आले आणि तिला स्वतःचा मनापासून राग आला.

ती जिन्यात गेली आणि वर तोंड करून धाकटीला हाक मारली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. “तुझ्या पेटीची ओळ काढ. मी माझी काढते. दादाची राहू दे पहिली. आणि खाली ये, बाईंची कवळी आज इथेच करायची आहे.”

वर दार उघडल्याचा आवाज झाला. मग धाकटीने विचारलं, “तू खाली आहेस?”