हॉलिस ग्रेडीची शेवटची ओळ

दुबईतला अल कुसैसचा एक्झिट अजून चार किलोमीटर लांब होता आणि गाडी जागची हलत नव्हती. सुजीतने हॉलिस ग्रेडीचं गाणं लावलं.

"ते गुराख्याचं रडगाणं आजच्या दिवस नको रे," मैथिली म्हणाली. पण हात पुढे करून तिने ते बंद केलं नाही. तेवढंही त्राण तिच्यात नव्हतं.

सुजीत जबल अलीला मेंटेनन्स प्लॅनर, मैथिली अल बर्शातल्या एका क्लिनिकच्या इन्शुरन्स डेस्कवर. नवरा-बायको एकाच गाडीने जात-येत. ग्रेडी हा अमेरिकेतला जुना कंट्री गायक. स्वतःच लिहायचा, स्वतःच गायचा; मागच्या वर्षी वारला. वीस वर्षांपूर्वी सुजीत समुद्रात एका बार्जवर कामाला होता, तेव्हा तिथल्या फोरमनने त्याला ग्रेडीची सीडी दिली होती. तेव्हापासून हा माणूस त्याला सुटलाच नाही. साधे शब्द, एक गिटार, आणि आवाज असा, की दिवसभर ओझी उचलून माणूस आत्ताच खाली टेकलाय.

"म्हणतोय तरी काय हा?" मैथिलीने डोळे मिटूनच विचारलं.

"लाकडाच्या वखारीतला कामगार आहे. संध्याकाळी घरी येतो, पण आत जात नाही. दारात ट्रक बंद करून दहा मिनिटं नुसता बसतो."

"का?"

"आत गेलं की पोरं, गळका नळ, सगळ्यांना तोच हवा. शिवाय बायकोनं झिडकारलेलं."

"असं म्हणतो तो?"

"शेवटच्या ओळीत आहे ना. टर्न्ड डाउन."

"परत लाव बघू."

सुजीतने शेवटचं कडवं परत लावलं. चौदा वर्षं मैथिली फोनवर इजिप्शियन, फिलिपिनो, स्कॉटिश, सगळ्यांची इंग्लिश ऐकत आली होती.

"त्याला नाही रे," ती म्हणाली. "स्टोव्ह. तिने स्टोव्ह टर्न डाउन केलाय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला ट्रक दिसतो. ती हाक मारत नाही, पोरांना बाहेर सोडत नाही. नुसता गॅस बारीक करते. बसू देते त्याला."

सुजीतने तिसऱ्यांदा ऐकलं. खरंच, तसंच होतं. ग्रेडी स्टोव्ह हा शब्द नाकात गायचा, म्हणून निसटला होता. वीस वर्षं त्या बाईवर आपण उगाच राग धरला, असं त्याला वाटलं. अख्ख्या गाण्यात प्रेम हा शब्द नव्हता, आणि ती बाई एका ओळीपुरतीच आली होती.

"लिहायला यायचं हं मेल्याला," मैथिली म्हणाली. मग त्याच सुरात, "आमचा डेस्क बंद होतोय. एक तारखेपासून मला शारजाला, रोल्लाच्या ब्रँचला टाकलंय. स्प्लिट शिफ्ट. नऊ ते एक, पाच ते नऊ."

"कधी कळलं?"

"सकाळी अकराला."

दिवसभर ती हे घेऊन बसली होती. सोडून दे नोकरी, असं म्हणायला सुजीतचं तोंड उघडलं, आणि मिटलं. लेकीचं, ईशानीचं, कॉलेज पुढच्या वर्षी सुरू होणार होतं. ते दोघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात तिचाच फोन आला. "मम्मा, व्हेअर आर यू गाइज? आय ॲम स्टार्व्हिंग."

"ट्रॅफिक आहे गं. खुबूसच्या रोट्या आणून ठेव खालून."

"इट्स सो हॉट आउटसाइड."

"मग थांब," म्हणून मैथिलीने फोन ठेवला.

"सकाळी बस पकड," सुजीत म्हणाला. "रात्री नऊला मी येईन घ्यायला."

"तू पाचला उठतोस."

"उठतो ना. तरी येईन."

"शारजाच्या ट्रॅफिकमध्ये? रोज?"

"रोज नाही जमलं तर जमेल तेव्हा."

मैथिलीने चपला काढून पाय वर घेतले. मागच्याने हॉर्न दिला. पुढे एका गाडीची जागा झाली होती.