लाल शाई न लागलेला गठ्ठा

‘सलग नऊ वर्षं निकाल शंभर टक्के’ ही शाळेच्या दारावरची पाटी झाडूवाली रोज सकाळी पुसायची. वाचता येत नव्हतं तिला. पण निकाल शंभर कसा लागतो ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कचरा तीच उचलायची ना!

रीत साधी होती. हजेरीपटात वस्तीतल्या मुलांची नावं सगळ्यांत शेवटी. कुणाची जात आड यायची, कुणाचा देव. क्रमांक मात्र सगळ्यांचे एकाच टोकाला. तपासणीला साहेब आले की ही मुलं पटावर हजर, आणि नववी संपली की ‘झेपत नाही’ म्हणून हातात शाळा सोडल्याचा दाखला. दहावीला बसलीच नाहीत, तर नापास कोण होणार?

यंदा अशी मुलं बारा, आणि त्यांत तिची लेक होती. अकरा वाजता दाखले वाटायचे होते.

सकाळी मोठ्या बाईंच्या खोलीतली टोपली उपसताना तिला एक गठ्ठा सापडला. वस्तीच्या मुलांचे गणिताचे बारा पेपर, सुतळीची गाठ जशीच्या तशी. तिनं ती सोडली. लेकीचं अक्षर ओळखलं, पानामागून पान उलटलं. लाल शाईचा ठिपका नाही! बाकी वर्गाचे पेपर तिनंच कपाटात रचले होते. त्यांच्यावर लाल रेघोट्याच रेघोट्या.

इतकी किळस तिला तुंबलेला संडास उपसतानाही कधी आली नव्हती.

मोठ्या बाई आल्या, तशी ती म्हणाली, “बाई, न तपासताच नापास?”

“मावशी, कचरा उचलायचा, वाचत बसायचं नाही.”

“वाचायला कुठं येतंय? लाल रंग तेवढा कळतो.”

बाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाजात एकदम साखर घातली. “तुमची लेक आहे होय यात? आधी नाही का सांगायचं! तुम्ही आपलं माणूस.” पेन निघालं. चार मिनिटांत बहात्तर गुण. “हुशार आहे हो पोरगी! हिचा दाखला रद्द. बाकीचे पेपर मागे नेऊन जाळा, आणि तोंडाला कुलूप. काय?”

आनंद व्हायला हवा होता. तिला थुंकावंसं वाटलं. चार मिनिटांचा कंटाळा, आणि त्यापायी पोरीचं अख्खं आयुष्य टोपलीत!

“बरं, बाई,” म्हणत तिनं अकरा पेपर गोणीत भरले.

फाटकाशी बाकीच्या अकरा मुलांच्या आया दाखल्यासाठी ताटकळत होत्या. त्यांतली शिवणकामवाली म्हणाली, “काय गं, तुझीला पण दाखला?”

“नाही. माझी पास.”

“अगं बाई! वशिला लागला म्हण की.”

“लागला.” तिनं गोणी तिथंच उलटी केली. “आपापल्या पोराचा पेपर उचला. एकावर जरी लाल ठिपका सापडला, तर मला जोड्यानं मारा.”

पानं फडफडली. मग एकेकीनं आपापल्या पोराचा पेपर छातीशी धरला.

वरच्या खिडकीतून मोठ्या बाई ओरडल्या, “मावशी! तुमच्या पोरीचा पेपर अजून माझ्याच हातात आहे!”

“म्हणून तर आम्ही वर येतोय, बाई,” झाडूवाली म्हणाली. “तिचा तपासलात, तसेच हे अकराही आमच्या डोळ्यांदेखत तपासा.”

आणि जिन्यावर ती सगळ्यांच्या पुढं होती.