सुईवालीचा नेम

त्याने माऊस उलटा करून बुडाशी पेटलेल्या लाल दिव्यावर फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा आईच्या हाताखाली सरकवला.

"आता बघ."

आईने चष्मा वर ढकलला. पडद्यावर पडक्या गोदामाच्या खिडकीत शत्रूचं डोकं वर आलं. तिची पहिली गोळी चौकटीत घुसली, दुसरी भिंतीत. तिसरी झाडायच्या आत तीच मेली.

"गेले बाई!"

"माऊसचीच भानगड आहे."

"असेल," आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

रविवारी जोड्यांची ऑनलाइन स्पर्धा होती. कॉम्प्युटरवाले, कन्सोलवाले, सगळे एकाच मैदानात. मायलेकांनी नाव नोंदवलं होतं. त्याने कॉम्प्युटर घेतला तेव्हा टीव्हीला जोडून खेळायचा जुना कन्सोल आईकडे आला. वेळ घालवायला म्हणून ती खेळू लागली आणि आता त्याचे मित्र त्याच्याआधी 'सुईवाली काकू' आल्यात का, ते विचारायचे. नाव तिनेच घेतलं होतं. ती कामाला असलेल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रडकी मुलं तिच्याकडेच पाठवत. सुई कधी आत गेली, ते मुलांना कळतही नसे.

कन्सोलवर चित्र संथ सरकतं, शत्रू क्षणभर उशिरा दिसतो. एवढं असून आई जिंकते, मग वेगवान यंत्रावर ती कुठल्या कुठे जाईल, असा त्याचा हिशेब. म्हणून त्याने सुटे भाग जमवून तिच्यासाठी कॉम्प्युटर जोडला होता. आठवडा झाला, आई हरतच होती.

त्याने आत्ताच्या डावाचं चित्रण हळू करून लावलं. नेमाचा ठिपका थरथरत होता. शत्रू समोर असताना आणि नसतानाही, एका लयीत. त्याने त्याच माऊसवर स्वतःचा हात ठेवला. ठिपका खिळ्यासारखा उभा राहिला.

त्याने माऊस बाजूला सरकवला. कन्सोलवर कंट्रोलरच्या अंगठ्याने हलवायच्या दांडीला बारीक थरथर कळत नाही. शिवाय नेम शत्रूजवळ आला की खेळ स्वतःच त्याला जरा धरून ठेवतो. अंगठ्याने माऊसची बरोबरी होत नाही, म्हणून दिलेली मदत. माऊसला तसलं काही मिळत नाही. कन्सोलवाल्यांच्या कुबड्या, असं म्हणून तो हसायचा, तेही आईसमोर.

स्वयंपाकघरात आईने चहाचं भांडं दोन्ही हातांनी धरलं होतं.

"आई, हात दाखव."

"का? भविष्य बघतोस?"

"दाखव ना."

तिने भांडं ठेवलं, पदराला हात पुसला आणि पुढे केला. बोटं हलत होती. तिने ती मिटून घेतली.

"कधीपासून?"

"झाले काही महिने. सुई सोडलीय मी. काउंटरवर बसते आता, पावत्या फाडते."

"आणि डॉक्टर?"

"साखर घाल रे तुझी तू."

"मग आठवडाभर त्या माऊसशी झटापट कशाला केलीस? सांगायचंस तरी."

"एवढ्या हौसेनं जोडलास तू. आणि म्हटलं, नव्यावर जमलं तर जमलं." ती ओट्याला टेकली. "त्या जुन्या डब्यावर मात्र दिवसातला तासभर हात माझा वाटायचा."

त्याने मान खाली घालून साखरेचा डबा उघडला. बोलला असता, तर नेम खेळच धरून ठेवतो, हे खरं सांगावं लागलं असतं.

"तोंड नको पाडूस. माहितीये मला, तो सांभाळून घेतो ते. तूच नाही का म्हणायचास, कुबड्या?"

"गाढव होतो मी."

"होतो?" आई हसली. "पण डॉक्टरचं नाव काढू नकोस. एकदा त्यांनी काय ते सांगितलं, की तेच होऊन बसतं."

रविवारी त्याने जुना कन्सोल टीव्हीला जोडला आणि शेजारी आपला कॉम्प्युटर मांडला. लांबून येणारा शत्रू त्याला आधी दिसे.

"आई, जिना. डावीकडून येतोय."

"येऊ दे मेल्याला."

ती जिन्यावर नेम लावून थांबे. डोकं वर आलं की एकच गोळी. पहिली जोडी त्यांनी हरवली, दुसरीही. तिसऱ्या जोडीने दोघांना एकाच दारात गाठलं.

"तू दारात कशाला आलास? मागे राहायचंस ना."

"तुला एकटीला कसं सोडू?"

आईने कंट्रोलर मांडीवर ठेवला. मोकळे झालेले हात थरथरत होते. या वेळी तिने ते लपवले नाहीत. पडद्यावर जिंकलेली जोडी नाचत होती.

"डॉक्टरांची किती वाजताची वेळ घेतलीयेस?" तिने विचारलं.

त्याने दचकून पाहिलं. "तुला कोणी सांगितलं?"

"तू दारात आलास ना, तेव्हाच कळलं," आई म्हणाली.

"उद्या सकाळी दहा."

"मग साडेनवाला निघू," म्हणत तिने कंट्रोलर पुन्हा उचलला. "चल, अजून एक डाव लाव."